मदत हवी आहे: हेड गॅस्केट बदलूनही गाडी तापतेय, गॅरेजवाला गाडी सोडत नाही

एमएच११
गाडी तापत होती म्हणून गॅरेजला दिली. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) गेलंय म्हणाले, २३,६०० घेतले. आठवडा झाला नाही तोच खंबाटकीच्या चढाला परत लाल दिवा. आता म्हणतात रेडिएटर आणि वॉटर पंप पण बदलावा लागेल, ११,००० आणखी. तोपर्यंत गाडी देणार नाहीत. पैसे परत कसे मिळवायचे आणि तक्रार कुठे करायची तेवढं सांगा. लवकर उत्तर हवंय.

पाना_दहा_बारा
गाडी कोणती, पेट्रोल की डिझेल, किती किलोमीटर? बिलात नेमकं काय काय लिहिलंय? चढाला तापते की सिग्नलला उभी असतानाही? कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होतं का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

तेलपाणी
आधी थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप) काढून फेका. आपल्या हवामानात त्याचं काम काय? पाणी मोकळं फिरलं की गाडी तापणार नाही.

पाना_दहा_बारा
@तेलपाणी, कृपा करून हा सल्ला देऊ नका. थर्मोस्टॅट नसेल तर हायवेला इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गाडी थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, अॅव्हरेज पडतं आणि पी०१२८ हा बिघाडाचा कोड येतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागचा बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतं आणि चढाला गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट घेऊन पाणी तापवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाला तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहाबारा अंशांत पूर्ण, म्हणजे साधारण ८ मिमी उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा आणा. त्याची किंमत गॅस्केटच्या मजुरीपुढे काहीच नाही.

एमएच११
स्विफ्ट पेट्रोल, २०१४. ९२ हजार. चढाला तापते, गावात ठीक. मला इंजिन शिकायचं नाहीये, पैसे कसे मिळतील ते सांगा.

कलम_कागद
इंजिन आणि पैसे, दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. काम चुकीचं झालं हे दाखवता आलं तरच पैसे मिळतील. म्हणून वर विचारलंय त्याची उत्तरं द्या. माझे प्रश्न: पाटी पांढरी की पिवळी? पैसे कसे दिले? बिल पक्कं आहे का? गाडी दुसऱ्यांदा आत घेताना काही लिहून दिलं का? जुने पार्ट परत मिळाले का?

घाटमाथा
गावात ठीक आणि चढाला तापते म्हणजे फॅन नाही. फॅन गेला असता तर उलट झालं असतं: ट्रॅफिकमध्ये तापली असती आणि वेग घेतल्यावर थंड झाली असती. चढावर तापते तेव्हा पाण्याचा प्रवाह कमी पडत असतो. म्हणजे रेडिएटरच्या नळ्या गंजाने बुजल्या असतील, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, पंपाचं पातं झिजलं असेल किंवा सिस्टिममध्ये हवा राहिली असेल. तापल्यावर केबिनचा हीटर फुल लावून बघायला हवा होता. इंजिन तापलेलं आणि हीटरमधून गार हवा, तर पाणी कमी आहे किंवा हवा अडकलीय.

सीएनजी_सातारा
सीएनजी किट बसवलंय का? सीएनजीवर तापतेच.

घाटमाथा
नीट बसवलेल्या सीएनजीने कूलिंग ठीक असलेली गाडी उकळत नाही. व्हॉल्व्ह सीट झिजतात, तो वेगळा विषय. मात्र किटचा रिड्यूसर गरम ठेवायला कूलंटच्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकलेला असतो. त्या जोडावर गळती होते आणि हवाही तिथेच अडकते. तेव्हा किट आहे का, हा प्रश्न बरोबर आहे.

एमएच११
सीएनजी नाही. पांढरी पाटी. पैसे यूपीआयने. बिल त्यांच्या पॅडवर हाताने लिहिलंय, शिक्का आहे. त्यावर असं आहे:
हेड गॅस्केट १, व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट १, इंजिन ऑइल ३.५ लि., ऑइल फिल्टर, कूलंट १ लि., सीलंट, मजुरी ११,०००.
जुने पार्ट दिले नाहीत. दुसऱ्यांदा काही लिहून दिलेलं नाही.

पाना_दहा_बारा
हे बिल आधी टाकलं असतं तर वेळ वाचला असता. यात काय नाही ते बघा.

हेड फेसिंग नाही. अॅल्युमिनियमचं हेड तापल्यावर वाकतं. उतरवल्यावर स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावून सपाटी बघावीच लागते. मॅन्युअलमधली मर्यादा सहसा ०.०५ मिमीच्या आसपास असते, त्यापेक्षा जास्त फट असेल तर हेड मशीनवर घासून घ्यावं लागतं. हे काम बहुतेक गॅरेजं बाहेरून करून आणतात, म्हणजे लेथवाल्याची वेगळी पावती असते. ती मागा. पावती नसेल तर वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट बसवलं असण्याची शक्यता आहे, आणि ते टिकत नाही.

थर्मोस्टॅट नाही. हेड उतरवलंय, सगळं पाणी काढलंय, तरी दहा वर्षांहून जुना थर्मोस्टॅट परत बसवला.

कूलंट १ लिटर. या गाडीत साधारण चार ते पाच लिटर मावतं. तो तयार मिक्स असेल तर उरलेलं नळाचं पाणी. कॉन्सन्ट्रेट असेल तर एकास चार, म्हणजे वीस टक्के, हवं होतं पन्नासच्या आसपास. नुसतं पाणी १०० अंशांना उकळतं, ५०-५० मिश्रण साधारण १०७ ला. ०.९ ते १.१ बार दाबाची रेडिएटर कॅप धड असेल तर त्यावर आणखी वीसेक अंश मिळतात. कॅपचंही नाव बिलात नाही.

सगळ्यात मुख्य, टेस्ट नाही. गॅस्केट आपणहून क्वचितच उडतं. गाडी आधी कशाने तरी तापते, मग गॅस्केट जातं. ते कारण शोधलं नाही तर नवं गॅस्केट त्याच वाटेने जाणार. आज ते रेडिएटर म्हणतायत. रेडिएटर बुजलेला असेल तर पहिल्यांदाही तो बुजलेलाच होता. मग हेड उघडण्याआधी का नाही पाहिला?

कलम_कागद
हा शेवटचा प्रश्न जसाच्या तसा त्यांना लेखी विचारा. तक्रारीचा गाभा हाच आहे.

तेलपाणी
लाल दिवा लागल्यावरही गाडी चालवली असेल तर गॅरेजवाला काय करणार? आणि रेडिएटर गळत असेल तर बदलायची गरज नाही, दोन चमचे हळद टाका, बंद होतं.

घाटमाथा
हळद टाकायची नाही! रेडिएटरच्या नळ्यांची वाट आधीच अरुंद असते. गळतीच्या भोकासोबत चांगल्या नळ्याही बुजतात, हीटरची जाळीही. आणि इथे वाद चालू आहे. सिस्टिममध्ये आता काहीही टाकलं तर गॅरेजवाला म्हणेल, यांनीच खराब केलं. पुरावा तसाच राहू द्या.

दिवा लागूनही चालवली का, हा प्रश्न मात्र खरा आहे. ते पहिला बचाव हाच करतील.

एमएच११
दिवा लागला तिथेच बाजूला घेतली. टोइंगने परत त्यांच्याकडेच नेली, पावती आहे. गाडी आत्ता त्यांच्याकडे आहे, रेडिएटर काढून ठेवलाय.

पाना_दहा_बारा
रेडिएटर काढलाय हे आत्ता सांगताय! तुम्ही काढायला सांगितला होता का?

एमएच११
बघतो म्हणाले. मी हो म्हटलं. फोनवर.

गाडीवाली_कोरेगाव
इन्शुरन्समधून क्लेम करा. इंजिन प्रोटेक्ट असेल तर मिळतं.

कलम_कागद
इंजिन प्रोटेक्ट हे इंजिनात पाणी शिरणं किंवा धडकेनंतर ऑइल गळून झालेलं नुकसान अशा गोष्टींसाठी असतं. कूलिंग बिघडून गाडी तापली, याला सहसा यांत्रिक बिघाड धरतात. त्यात वेळ घालवू नका.

आता गाडी अडवण्याबद्दल. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर कसबाचं काम केलं त्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. गॅरेजवाला याच कलमावर उभा राहतो. पण हा हक्क झालेल्या कामाच्या बाकी पैशांपुरता आहे. पहिलं बिल तुम्ही फेडलंय. ११,००० हे न झालेल्या कामाचं एस्टिमेट आहे, त्यासाठी गाडी अडवता येत नाही. रेडिएटर काढण्याची वाजवी मजुरी मागतील तर ती द्या. यूपीआयच्या नोंदीत आणि मेसेजमध्ये ‘हक्क राखून, निषेधासह’ असं लिहा आणि गाडी बाहेर काढा.

सीएनजी_सातारा
पोलिसात जा सरळ. एक फोन गेला की गाडी दारात.

कलम_कागद
अर्ज द्यायला हरकत नाही, पण पोलीस बहुधा दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील. गॅरेजवाल्याशी बोलणी तुटली तर गाडीचे पार्ट सुटेच पडून राहतील. आधी हे करा:

आजच व्हॉट्सअॅपवर लिहा: अमुक तारखेला गाडी दिली, अमुक पैसे दिले, तोच दोष परत आला. हेड फेसिंगची पावती, जुनं गॅस्केट आणि आधी केलेल्या टेस्टची माहिती द्या. माझ्या लेखी परवानगीशिवाय पुढचं काम करू नका. हे शेवटचं वाक्य विसरू नका.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, कधी कधी तिथेच मिटतं. नाही मिटलं तर पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस, पोच मिळेल अशी पाठवा. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेज पुण्याचं असलं तरी. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. पांढरी पाटी विचारली ती यासाठी की व्यापारी वापराची गाडी असेल तर ‘ग्राहक’ आहात की नाही यावरच वाद होतो.

एमएच११
दुसऱ्या मेकॅनिकला दाखवायचं तर रेडिएटर बसवावा लागेल ना? तो बसवायला पण पैसे मागतायत. गॅस्केट परत गेलंय की नाही ते कसं कळणार?

पाना_दहा_बारा
रेडिएटर असता तर ब्लॉक टेस्ट सोपी होती. पाण्याची पातळी तोंडापासून दोन बोटं खाली घ्यायची, गरम इंजिन चालू ठेवायचं, निळ्या द्रावणाच्या नळीतून वरची हवा ओढायची. पिवळं झालं तर जळालेला वायू पाण्यात येतोय.

पण गॅस्केट तपासायला रेडिएटर लागतच नाही. लीकडाउन टेस्ट करा. खालची होज बूच मारून बंद करायची. थर्मोस्टॅट काढून त्याच्या तोंडापर्यंत इंजिनात पाणी भरायचं. प्लग काढून एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणायचा, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक लावायचा, नाहीतर हवेच्या दाबाने इंजिन फिरतं. मग प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. थर्मोस्टॅटच्या तोंडाशी बुडबुडे आले तर गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे. नाही आले तर निदान थंड इंजिनावर गॅस्केट धरून आहे. व्हिडिओ करा, बुडबुडे आणि गाडीचा नंबर एकाच शॉटमध्ये. थर्मोस्टॅट हातात आलाच आहे तर पातेल्यातली चाचणीही तिथेच उरका.

काढलेला रेडिएटरही बघा. वरच्या तोंडातून टॉर्च मारून नळ्यांच्या तोंडांचा फोटो घ्या. बादलीने पाणी ओता. खालून धो धो पडलं पाहिजे, तुंबून वर आलं तर बुजलाय. वॉटर पंप बदला म्हणतात तर काय दिसलं ते विचारा: बेअरिंगला प्ले (हलणं), वीप होलमधून (पंपाची गळती दाखवणारं भोक) गळती, की झिजलेलं पातं?

घाटमाथा
+१. टेस्ट करणारा गॅरेजवाल्याचा मित्र नको. त्याने निष्कर्ष लेटरहेडवर, किलोमीटर रीडिंग आणि तारखेसकट लिहून द्यायला हवा.

एमएच११
दुसरा मेकॅनिक उद्या त्यांच्याच गॅरेजमध्ये यायला तयार आहे, मालकही हो म्हणालाय. पण जुनं गॅस्केट फेकून दिलं म्हणतात, आणि फेसिंग ‘हातानेच केलं’ म्हणतात.

पाना_दहा_बारा
हाताने म्हणजे पॉलिश पेपर लावून हेड घासलं. अॅल्युमिनियमला त्याने खड्डे पडतात, सपाटी येत नाही. उद्या बुडबुडे आले तर हेड परत उतरेल, तेव्हा स्ट्रेट एज तुमच्यासमोर लावायला सांगा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. चारही रीडिंग लिहून घ्या.

कलम_कागद
‘फेकलं’ आणि ‘हाताने केलं’ ही दोन्ही उत्तरं त्यांच्याकडून व्हॉट्सअॅपवर आली पाहिजेत. फोनवर बोलले असतील तर तुम्हीच मेसेज करा: ‘आज फोनवर आपण असं सांगितलंत, चूक असल्यास कळवा.’ उद्या मेकॅनिक पोचायच्या आत करा.