पिवळ्या खोक्यातलं पीठ घरी केलं: पॅनकेक बसले, गुलाबजाम फुटले

गोदाकाठची

सव्वीस वर्षं क्लीव्हलंडला काढून आम्ही दोघं तीन वर्षांपूर्वी नाशकाला परत आलो. येताना काय काय बांधून आणायचं याची मी दोन पानी यादी केली होती. त्यात बिस्क्विकचं नाव नव्हतं. मैदा, बेकिंग पावडर, मीठ, थोडं मोहन, यात काय आणायचंय, असा माझा तोरा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पिवळ्या खोक्यात मिळणारं तयार पीठ. दूध-अंडी घातली की पॅनकेक, नुसतं दूध घालून थापलं की तिकडची बिस्किटं (आपली चहात बुडवायची नव्हेत, मऊ, अगोड, पावाच्या जवळची). आणि आम्हा देशी बायकांचा त्याच्याशी खरा संबंध गुलाबजामपुरता. मी गेले तेव्हा तिथे खवा कुठला मिळायला! एक कप दूध पावडर, अर्धा कप बिस्क्विक, भिजेल इतकं क्रीम. हे प्रमाण मला पहिल्या दिवाळीत नागपूरच्या एका बाईंनी फोनवर सांगितलं, पुढे मी ते किती जणींना सांगितलं याची गणतीच नाही.

आता नाताळच्या सुट्टीत नातू येतोय, वय वर्षे सात. त्याला रोज सकाळी पॅनकेक लागतात. इथे एका मोठ्या दुकानात तो खोका दिसला, किंमत बघितली आणि हळूच परत ठेवला. म्हणून जुन्या वहीतलं प्रमाण काढून श्रावणात घरीच केलं: ६ कप मैदा, ३ मोठे चमचे बेकिंग पावडर, दीड छोटा चमचा मीठ, ६ मोठे चमचे लोणी. लोणी पिठाला चोळलं, डब्यात भरलं, डबा ओट्यावरच्या फळीवर.

पहिल्या दिवशीचे पॅनकेक बोटभर फुगले. दीड महिन्यानं त्याच डब्यातल्या पिठाचे केले तर सरळ धिरडी. पिठाला आंबूस वास, आणि तळाशी वाटाण्याएवढ्या गुठळ्या.

दसऱ्याला ताजं पीठ करून गुलाबजाम केले. कढईत टाकल्यावर पाचव्या मिनिटाला पहिला फुटला, मग एकेक करत सगळे. तुपात नुसता चुरा तरंगत होता. यजमान म्हणाले, "कलाकंद छान झालाय." दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तर, एक, हे पीठ टिकवायचं कसं? दोन, तिथे पंचवीस वर्षं न फुटलेले गुलाबजाम इथे का फुटले?

अर्धीवाटी

काकू, बेकिंग पावडरच होती ना नक्की? आमच्या वाण्याने मला एकदा पावडर मागितल्यावर खायचा सोडा दिला होता, केक पिवळाजर्द आणि चव साबणाची. घरी तपासता येतं. अर्धा छोटा चमचा पावडर कढत पाण्यात टाका, फसफसली की जिवंत आहे. सोडा असेल तर लिंबाच्या थेंबावर जोरात उसळतो.

आणि मी असलं सगळं फ्रीजमध्ये ठेवते बाबा. पावसाळ्यात ठाण्याला मीठसुद्धा बाहेर राहत नाही.

निवृत्त_रंगवाला

एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, स्वयंपाकातलं फारसं कळत नाही. पण ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच यादीत आहे. लोणी.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा, एखादं आम्लधर्मी क्षार आणि थोडं कॉर्नफ्लॉवर. कोरडी असेपर्यंत सोडा आणि आम्ल शेजारी शेजारी गुमान बसतात. पाणी लागलं की भांडण सुरू, आणि जो वायू निघतो त्यानेच तुमचा पॅनकेक फुगतो. कॉर्नफ्लॉवर मध्ये असतं ते हवेतला दमटपणा शोषायला. आता विकतच्या लोण्यात साधारण सोळा-सतरा टक्के पाणीच असतं, घरच्या लोण्यात त्याहून जास्त. ते तुम्ही स्वतःच्या हातांनी पिठात चोळून, झाकण लावून, श्रावणात फळीवर ठेवलंत. जो वायू तव्यावर निघायचा तो डब्यात हळूहळू निघून गेला. आंबूस वास लोण्याचा.

उपाय दोन. एक, साजूक तूप. कढवताना त्यातलं पाणी उडून गेलेलं असतं. १ किलो मैदा, ४ सपाट मोठे चमचे (१५ मिलीचे) बेकिंग पावडर, २ छोटे चमचे मीठ, १०० ग्रॅम तूप. वजनावर करा, कपावर नको, कारण दाबून भरलेला कप आणि वरून भुरभुरलेला कप यात सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो. दोन, मोहन घालूच नका. कोरडं पीठ ठेवा आणि करताना दर कपाला एक मोठा चमचा तेल किंवा वितळलेलं लोणी घाला. मला विचाराल तर दुसरा.

मूळ कल्पनाही थंड ठेवण्याचीच होती. १९३० साली अमेरिकेत सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या गाडीत रात्री उशिरा जेवायला आलेल्या एका माणसाला चटकन गरम बिस्किटं मिळाली. तो जनरल मिल्स या बिस्क्विकवाल्या कंपनीचा विक्री अधिकारी, कार्ल स्मिथ. त्यानं चौकशी केली तर आचाऱ्याने मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि डुकराची चरबी आधीच कालवून बर्फाच्या पेटीत ठेवली होती. पुढच्याच वर्षी खोका बाजारात. आचाऱ्याकडे बर्फ होता, तुमच्याकडे फळी.

सातारी_कंदी

सात वर्षांच्या मुलाला रोज मैदा? भाजणी हे आपलं सर्वगुणी पीठ. थालीपीठ घाला, वर लोण्याचा गोळा ठेवा. महिनोन्‌महिने टिकतं, पावडर नको की बिवडर नको.

गोदाकाठची

सातारी, भाजणीचा पाच किलोचा डबा घरात आहे, तोही मी घरी भाजलेला. नातू थालीपीठ खातो, पण त्यावर मेपल सिरप ओतून. बघवत नाही म्हणून पॅनकेकच बरे.

रंगवाले, पटलं. आणि थोडी लाजही वाटली, कारण करंज्यांच्या साट्याला तूप घ्यायचं, लोणी नाही, हे मी चार जणींना शिकवलंय. अर्धीवाटी, पावडर तपासली गं, फसफसते. गुलाबजामचं कोणी सांगेल का?

पाकातली_तार

मी सांगते. डोंबिवलीत बावीस वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेतेय. ताई, दूध पावडर कुठली वापरलीत? पाकीट टाकलं नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे वाण्याला दूध पावडर म्हटलं की तो बहुतेक वेळा डेअरी व्हाइटनर काढून देतो. ते चहासाठी असतं, त्यात साखर असते. तिकडे तुम्ही वापरत होतात ती बिनसाखरेची, बिनसायीची पावडर असणार. साखर पिठात असली की गोळा बाहेरून झटकन लाल होतो, आत कच्चा, आणि तुपात पसरायला लागतो. वरून तुमच्या पिठातली बेकिंग पावडर त्याला आतून ढकलणार. फुटणारच.

इथे मागायचं ते स्किम्ड मिल्क पावडर, असं नाव घेऊन. एक कपाला तुमचं पीठ अर्धा नको, आधी पाव कपच घ्या. दूध किंवा क्रीम चमच्या चमच्याने. पीठ हाताला किंचित चिकटलं पाहिजे, कारण दहा मिनिटं झाकून ठेवलं की पावडर ओल पिते आणि ते आपोआप आवळतं. लोक इथेच घाई करतात, चिकटतंय म्हणून आणखी पावडर घालतात, मग गोळ्याला भेगा. आणि मळू नका हो, गोळा जमेल इतकंच हलक्या हाताने. मैदा मळला की गुलाबजाम दडदडीत.

तळण इतकं मंद की गोळा टाकल्यावर आधी तळाशी बसेल आणि मग सावकाश वर येईल. लगेच वर आला तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. एकच गोळा टाकून बघायचा. फुटला तर उरलेल्या पिठात एक चमचा मैदा. बावीस वर्षं झाली तरी मी पहिला एकटाच सोडते.

अर्धीवाटी

माझ्याही पाकिटावर साखर निघाली! आणि मी दोन वर्षं माझ्या हातालाच दोष देत होते.

गोदाकाठची

आठवड्याने लिहितेय. पाकीट फेकलं नव्हतं, क्लिप लावून ठेवलं होतं. चष्मा घालून वाचलं. दुधाच्या खालोखाल साखर.

पीठ दोन्ही प्रकारे केलं, पाव-पाव किलोचं. तुपाचं करताना आधी सवयीनं तूप कडकडीत तापवायला निघाले होते, शंकरपाळ्यांना घालतो तसं. मग म्हटलं, इथे खुसखुशीत नको, मऊ हवंय. थिजलेलं तूपच घेतलं आणि बोटांच्या टोकांनी चोळलं, रव्यासारखं दिसेपर्यंत. नाशकात आता थंडी पडलीय, तूप रवाळ घट्ट आहे म्हणून जमलं. मे महिन्यात हे व्हायचं नाही.

पॅनकेकला प्रमाण खोक्यावरचंच: २ कप पीठ, १ कप दूध, २ अंडी. आपला मैदा दूध कमी पितो असं वाटलं, पाव कप मागे ठेवून लागेल तसं घातलं. दोन्ही पिठांचे मस्त फुगले. फक्त तुपाच्या पॅनकेकला तव्यावर असतानाच शिऱ्याचा वास सुटला. यजमानांनी पहिल्या घासाला विचारलं, "बेदाणे घालायचे राहिले का?" तेव्हा नातवासाठी कोरडं पीठच. रंगवाले जिंकले.

गुलाबजाम बिनसाखरेच्या पावडरीचे केले, पाव कप पीठ, क्रीमऐवजी घरची साय दुधात फेटून. पहिला एकटा सोडला. तळाशी बसला, मिनिटभराने डोकं वर काढलं आणि झाऱ्याने नुसतं तूप ढवळत राहिले तर आपला आपण गोल फिरत राहिला. पाकात टाकल्यावर तासाभरात दीडपट. चौतीस झाले, एकही फुटला नाही. यजमान म्हणाले, कलाकंद बरा होता. या वेळी बोलले त्यांच्याशी.

कोरडं पीठ एक किलोचं केलं, पावडर आणि मीठ मैद्यात मिसळून तीनदा चाळलं. डब्यावर पट्टी चिकटवून तारीख घातलीय.

आता एकच राहिलं. त्या पिठाची बिस्किटं. सव्वादोन कप पीठ, दोन तृतीयांश कप दूध (कोरडं पीठ म्हणून दोन चमचे लोणी चोळलं), ४५० फॅरनहाइट म्हणजे आपले २३० सेल्सियस, दहा मिनिटं. वीस मिनिटं झाली तरी वरून पांढरीफटक, आणि काढली तर वाळलेली. ओव्हनच्या बटणावर २५० पर्यंत आकडे आहेत.

निवृत्त_रंगवाला

बटणावर आकडे रंगवायला काही लागत नाही, हे मी त्याच धंद्यातला म्हणून सांगतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा, अर्धा तास रिकामा तापवून बघा आणि आकडा इथे लिहा.

गोदाकाठची

मागवलाय. बुधवारी येईल म्हणतात.