प्रत्येक फ्लॅटच्या शेवटच्या ३ पावत्या हव्यात, पण लिमिट लावलं की सगळ्या मिळून ३च येतात

मुलुंड_कोडर
आमच्या सोसायटीचं मेंटेनन्सचं ॲप बनवतोय, लारावेल १० (पीएचपीचं फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल ८ (डेटाबेस) वर. ८४ फ्लॅट आहेत, खजिनदार काकांना एकाच स्क्रीनवर प्रत्येकाच्या शेवटच्या ३ पावत्या बघायच्यात म्हणजे कोणाचं कधीपासून थकलंय ते लगेच कळतं. आधी लूपमध्ये दर फ्लॅटला वेगळी क्वेरी जायची, फ्लॅटच्या यादीची १ धरून एकूण ८५, म्हणून विथ वापरून पावत्या आधीच लोड केल्या आणि आत लेटेस्ट आणि लिमिट ३ टाकलं. घरी नीट चाललं कारण टेस्ट डेटात एकाच फ्लॅटच्या पावत्या होत्या, आणि खऱ्या डेटावर बी विंगच्या दोन फ्लॅटना मिळून ३ पावत्या, बाकी ८२ फ्लॅट कोरे! काका नोटीस काढायला निघाले होते. एरर काहीच नाही. लिमिट काढलं तर १२ वर्षांच्या सगळ्या पावत्या मेमरीत येतात. रविवारी मीटिंग आहे, प्लीज सांगा.

दादर_बॅकएंड
मित्रा, विथ काय करतं ते बघ. सगळ्या फ्लॅटचे आयडी गोळा करून पावत्यांच्या टेबलवर एकच क्वेरी मारतं, आणि तुझं लिमिट त्या अख्ख्या क्वेरीला लागतं. कुठली पावती कुठल्या फ्लॅटची ही वाटणी नंतर पीएचपीमध्ये होते, डेटाबेसला त्याचा पत्ताच नसतो. त्याने सगळ्यात नव्या ३ पावत्या दिल्या, त्या बी विंगच्या निघाल्या.

तुला हवंय ते विंडो फंक्शनने होतं. रो नंबर घ्यायचा, पार्टिशन बाय फ्लॅट आयडी, ऑर्डर बाय तारीख उलटी, म्हणजे प्रत्येक फ्लॅटचा वेगळा गठ्ठा होऊन नव्यापासून १, २, ३ असे नंबर पडतात. ही क्वेरी सबक्वेरीत ठेवून बाहेर नंबर ३ पर्यंतच्या ओळी घे, कारण त्याच पातळीवर व्हेअरमध्ये तो नंबर वापरता येत नाही. लारावेल ११ मध्ये (मार्च २०२४) हे आतच आलंय, तुझा कोड आहे तसाच बरोबर चालेल. १० वर राहायचं तर एलोक्वेंट ईगर लिमिट पॅकेज टाक, त्याचा ट्रेट (क्लासमध्ये जोडायचा तयार कोड) फ्लॅट आणि पावती दोन्ही मॉडेलवर, म्हणजे त्या टेबलांच्या क्लासवर लावायचा, एकावर लावून लोक अडकतात.

ठाणे_डीबीए
वरचं बरोबर आहे, फक्त इंडेक्स (ओळी पटकन शोधायची डेटाबेसची सूची) विसरू नकोस, फ्लॅट आयडी आणि तारीख दोन्हीचा एकत्र. आणि सॉर्टमध्ये तारखेनंतर आयडी पण घाल, सोसायटीत पावत्या एकाच दिवशी ढिगाने फाडल्या जातात, तारीख सारखी असली की कुठल्या ३ येतील याचा भरवसा नाही. विंडो फंक्शन त्या फ्लॅटच्या सगळ्या ओळी वाचून मगच गाळतं, तुझ्या बारा-तेरा हजार पावत्यांना काही होत नाही, पण लाखोंनी ओळी झाल्या तर लॅटरल जॉइन बघ, मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ पासून आहे, तो दर फ्लॅटला इंडेक्सवरून ३ ओळी उचलून थांबतो.

गिरगाव_देव
भावा एक कळकळीने सांगते, या ३ पावत्यांवरून एकूण जमा काढू नकोस. आमच्या एका क्लायंटकडे हेच झालं, लिमिट लावलेल्या रिलेशनवरच (मॉडेलमधली फ्लॅट-पावत्यांसारखी जोडणी) सम म्हणजे बेरीज मारली होती आणि चार महिने प्रत्येकाची थकबाकी चुकीची छापली गेली, लोक भांडायला यायचे. एकूण रकमेसाठी विथसम वेगळं लाव, ते डेटाबेसमध्ये सगळ्या ओळींवर बेरीज करतं. आणि मर्यादित रिलेशनला मॉडेलमध्ये वेगळं नाव दे, शेवटच्या पावत्या असं काहीतरी, म्हणजे पुढचा माणूस फसत नाही.

मुलुंड_कोडर
पॅकेज टाकलं, दोन्ही मॉडेलवर ट्रेट, इंडेक्स पण केला. आता ८५ च्या जागी २ क्वेरी जातात आणि सगळे ८४ फ्लॅट दिसतायत. ताई तुमचं वाचून बघितलं तर थकबाकी मी खरंच त्याच रिलेशनवरून काढत होतो, आता विथसम केलं. काकांना फोन करून सांगितलं नोटीस थांबवा, ए विंगच्या १०२ वाल्या आजींचं नाव यादीत होतं आणि त्यांनी तर वर्षाचे आगाऊ भरलेत.