मदत हवी आहे: टंच मशीन ७४.८ दाखवतंय, झाकणावर ‘२० मायक्रॉन’ लिहिलंय. ओमेगा सोन्याचं की मुलाम्याचं?

वाटणीकर

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे.

घड्याळ ओमेगा, चावीचं, गोल, ३४ मिमी, १९६०च्या दशकातलं. पट्टा काढून वजन ३१ ग्रॅम. सराफाने टंच मशीनवर बेझल (काचेभोवतीची कडी) धरलं तर ७४.८ टक्के सोनं आलं. त्याने ३१ गुणिले पाऊण करून ‘२३.२५ ग्रॅम शुद्ध’ असा कागद दिलाय. वाटणीच्या यादीत हे घड्याळ बहिणीकडे जातंय, म्हणजे तेवढ्या सोन्याची रक्कम तिच्या वाट्यातून वजा होणार.

घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घेतलं. आत बारीक अक्षरांत ‘प्लाक’, मग ‘ऑर’, मग ‘जी २० मायक्रॉन्स’, त्याखाली ‘फॉन्ड’ आणि ‘इनॉक्स’ असं काहीतरी आहे. ‘प्लाक किंवा जी’ याचा अर्थ काय? हॉलमार्क नाही, एचयूआयडीही (हॉलमार्कसोबतचा ओळख क्रमांक) नाही.

१) भरीव की मुलामा? २) टंच मशीन खोटं बोलतंय का? ३) केस (घड्याळाचं धातूचं कवच) न कापता सिद्ध कसं करायचं? ४) लगांच्या (पट्टा अडकतो त्या चार शिंगांच्या) टोकांना रंग लालसर झालाय, पुन्हा सोन्याचं पाणी चढवावं का?

किल्लीकाका

ते ‘ऑर’ म्हणजे किंवा नव्हे. फ्रेंचमध्ये ऑर म्हणजे सोनं. ‘प्लाके ऑर’ म्हणजे सोन्याचा मुलामा, आणि जी म्हणजे तो विजेच्या टाकीत चढवलाय. जीच्या जागी एल असता तर सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला, म्हणजे लामिने. २० मायक्रॉन ही थराची जाडी, एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. खालची ओळ ‘फॉन असिए इनॉक्सिदाब्ल’, म्हणजे पाठ स्टीलची.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर झाकणाच्या आत छापलेलं आहे. मुलामा.

सोनचाफा

पण मशीनवर ७४.८ कसं आलं मग? सराफ इतका कच्चा असेल असं वाटत नाही.

कस_आणि_टंच

सराफ कच्चा नाही आणि मशीनही खोटं बोलत नाही. मशीनला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे.

टंच मशीन क्ष-किरण मारतं आणि धातूतून परत येणारे किरण मोजतं. सोनं इतकं जड आहे की हे किरण साधारण दहा मायक्रॉनच्या खालून वर येईपर्यंत सोन्यातच जिरतात. बांगडीला हे चालतं, कारण ती आतबाहेर एकच असते. वीस मायक्रॉनच्या थराखाली पितळ आहे की चांदी, हे मशीनला दिसतच नाही. मुलामा १८ कॅरेटचा असेल तर आकडा पंचाहत्तरच्या आसपास येणारच. एक ग्रॅम सोन्याच्या माळेवर हेच मशीन लगेच तांबं दाखवतं, कारण तिथला थर एका मायक्रॉनच्याही आत असतो. सराफाला रोज तसा पातळ मुलामा भेटतो, जुना स्विस जाड मुलामा क्वचित. फसगत तिथे होते.

त्याच मशीनवर पुन्हा जायचं असेल तर बेझल सोडा. या तीन जागा धरा:

– लगांची टोकं, जिथे तुम्हाला लालसर दिसतंय.
– पट्ट्याची पिन जाते त्या भोकाची कड.
– झाकण ज्या काठावर बसतं तो आतला काठ. तिथे थर बहुधा पातळ असतो.

या जागी सोनं घसरून तांबं-जस्त वर आलं तर खाली पितळ आहे. निकेलचा आकडा दिसला तरी तेच समजा. पितळेतलं तांबं वर झिरपू नये म्हणून मुलाम्याखाली निकेलचा थर देण्याची पद्धत आहे, आणि पिवळ्या १८ कॅरेटमध्ये सोनं, चांदी, तांबं एवढंच मुख्य असतं. पांढऱ्या सोन्याला हा नियम लावू नका, त्यात निकेल असू शकतं.

३१ ग्रॅमचा हिशोब मात्र मुळातच चुकीचा आहे. त्या ३१ मध्ये घड्याळाचं आतलं मशीन, तबकडी, काच आणि स्टीलचं झाकणसुद्धा आहे. घड्याळ भरीव सोन्याचं असतं तरी फक्त केसचं वजन धरायला हवं होतं.

गणिती_गवळण

मुलाम्यातलं सोनं किती, हे घरी काढता येतं. ३४ मिमी गोल केसचा बाहेरचा भाग (बाजू, बेझल, चार लग, स्टीलची पाठ सोडून) ढोबळ १० चौरस सेंमी धरा. २० मायक्रॉन म्हणजे ०.००२ सेंमी.

१० × ०.००२ = ०.०२ घन सेंमी
०.०२ × १५.५ (१८ कॅरेटची घनता) = ०.३१ ग्रॅम
त्याचे ७५ टक्के = ०.२३ ग्रॅम शुद्ध सोनं

सराफाचा कागद २३.२५ म्हणतो. शंभरपट फरक! क्षेत्रफळात माझी चूक दुप्पट असली तरी अर्धा ग्रॅम होत नाही. शिवाय एवढं सोनं आटवून वेगळं काढायचा खर्चही सुटणार नाही.

पुणेरी_टिकटिक

सोपा उपाय, चुंबक लावा. चिकटलं तर खोटं.

किल्लीकाका

कृपा करून लावू नका. पितळ, चांदी, सोनं आणि घड्याळाचं नेहमीचं स्टील यांपैकी कुणालाच चुंबक धरत नाही, त्यामुळे कळणार काहीच नाही. उलट मशीनमधली केसासारखी स्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागतं.

नाना_दागिनेवाले

मग कसोटीचा दगड आहे की. कस ओढा, तेजाब टाका. किंवा लगाच्या खालून कानस मारून बघा, आतला रंग दिसेल.

कस_आणि_टंच

नाना, दागिन्याला ठीक आहे. पण दगडावर हलका कस ओढला तर जाड मुलाम्याचंच सोनं दगडावर येतं आणि तेजाबातही टिकतं. म्हणजे मशीनचीच चूक हाताने करायची. कानशीने उत्तर मिळेल, पण जुन्या ओमेगाची किंमत केसच्या धारदार कडांवर असते. झिजलेल्या लगांनी जे फुकट दाखवलंय त्यासाठी नवा घाव कशाला?

वाटणीकर, पाण्यातलं वजन करा. सगळ्यात खात्रीचं आणि केसला ओरखडाही नाही.

घड्याळजीकडून मशीन, काच, चावी, रबर सगळं बाहेर काढून फक्त मधली केस घ्या. मशीन बसलेलं असताना हे करायचं नाही, एक तर पाणी जाईल आणि आत हवा राहिल्याने उत्तरही चुकेल. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो.

केस कोरडी करून वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका (बुडबुडे धरत नाहीत), काटा शून्यावर आणा. केस बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल अशी हातात धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेच केसचं घन सेंमीमधलं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा.

१८ कॅरेट पिवळं १५ ते १६ च्या मध्ये, १४ कॅरेट १३ च्या आसपास, ९२५ चांदी १०.३, पितळ साडेआठच्या आसपास, स्टील ८. पितळ आणि स्टीलमध्ये गोंधळ होईल, सोनं आणि पितळ यांत होणं शक्य नाही. पिनेच्या भोकात हवा अडकली तर आकारमान जास्त आणि घनता कमी येते, म्हणून केस पाण्यात हलवून घ्या आणि तीनदा मोजा.

सोनचाफा

अवांतर विचारते. स्टील आणि सोनं असं दोन रंगांचं रोलेक्स असतं, त्यात सोनं म्हणजे मुलामाच ना? आणि जुन्या कार्टिएवर ९२५ लिहिलेलं असतं ते काय?

किल्लीकाका

ताई, रोलेक्सचं नाही. त्याला ते रोलेसॉर म्हणतात, हे नाव १९३३चं आहे. केस स्टीलची, बेझल, चावी आणि पट्ट्याच्या मधल्या कड्या १८ कॅरेटच्या. ट्यूडरच्या दुरंगी घड्याळात पट्ट्याच्या मधल्या कड्यांवर सोन्याची टोपी बसवलेली असते, आत स्टील. ही टोपी मुलाम्यापेक्षा कितीतरी जाड असते, पण भरीव नव्हे. रोलेक्सचं डे-डेट मात्र १९५६ पासून सोनं नाहीतर प्लॅटिनममध्येच विकलं जातं, त्यामुळे कुणी ‘मुलाम्याचं डे-डेट’ स्वस्तात देऊ लागला तर केसचा टंच काढायचीही गरज नाही.

कार्टिएचं ते जुनं घड्याळ, मुस्ट नावाचं: ९२५ चांदीच्या केसवर २० मायक्रॉन सोनं. पाठीवर ‘आर्जां’ म्हणजे चांदी लिहिलेलं असतं. ९२५ हा आकडा सोन्याचा समजून लोक घेतात, तो चांदीचा आहे. पाण्याच्या परीक्षेत हे १०.३ च्या थोडं वर येईल.

हॉलमार्कबद्दल: आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण घड्याळं आणि फाउंटन पेन त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे एचयूआयडी नाही यावरून घड्याळाचं काहीच ठरत नाही. स्विस सोन्याच्या केसवर स्विस शिक्का शोधा. १९९५ पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं, त्याआधी १८ कॅरेटला हेल्वेशिया बाईचं डोकं आणि १४ कॅरेटला खार. भिंगाशिवाय दिसत नाही. आकड्यांच्या मागे कोणती अक्षरं आहेत तेही बघा: जीपी, जीईपी, एचजीई म्हणजे विजेचा मुलामा, जीएफ, आरजीपी म्हणजे पत्रा दाबलेला, सेको घड्याळांवर एसजीपी. ‘१८के’ वाचून डोळे थांबतात आणि पुढचं जीपी राहून जातं.

वाटणीकर

सगळ्यांचे आभार. काल केस मोकळी करून मोजली. कोरडी ९.४२ ग्रॅम. पाण्यात तीन वेळा १.११, १.१२, १.११.

गणिती_गवळण

९.४२ ÷ १.११ = ८.४९. पितळ. भरीव १८ कॅरेटची असती तर एवढ्याच आकाराची केस १७ ग्रॅमच्या पुढे भरली असती.

वाटणीकर

आता चौथा प्रश्न. बहीण ते वापरणार आहे. एका दुकानात ‘पॉलिश करून देतो, नवंकोरं दिसेल’ म्हणाले.

मुलामावाले_अप्पा

तो ‘पॉलिश’ शब्दच घोटाळ्याचा. बाजारात पॉलिश म्हणजे बफ मारणं, आणि पॉलिश म्हणजे सोन्याचं पाणी देणंसुद्धा. मुलाम्याच्या घड्याळाला नुसता बफ मारला तर उरलेलं सोनंच निघून जातं, आणि सगळ्यात आधी कडांवरून. लगांची टोकं आधीच उघडी पडली आहेत, तिथे थेट पितळ चमकेल. महिन्याभरात घामाने काळं, मग हिरवं. कोकणच्या हवेत त्याहून लवकर.

चढवायचंच असेल तर रीतसर काम असं: मशीन, काच, रबर बाहेर. जुना थर उतरवणं किंवा उघडा भाग हलका समतल करणं. खड्डे असतील तर तांब्याने भरणं. विजेच्या अल्कली टाकीत तेलकटपणा काढणं, पाणी, सौम्य आम्ल, पुन्हा पाणी. मग निकेलचा थर, मग सोन्याचा पातळ पहिला हात, आणि शेवटी हवी तेवढी जाडी. बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी: तेलकटपणा राहिला तर थर पापुद्र्यासारखा सुटतो, निकेल गाळलं तर पितळेचं तांबं वर येऊन रंग लाल पडतो. बहिणीला निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, पॅलेडियमचा थर देता येतो. सोन्याच्या टाकीत बहुतेक सायनाइड असतं, त्यामुळे हे घरी किट आणून करायचं काम नाही.

दुकानात ‘पाणी द्या’ म्हणू नका, ‘किती मायक्रॉन’ विचारा. नुसत्या पाण्यात थर अर्ध्या मायक्रॉनच्या आत असतो, रोज वापरलं तर काही महिने. पाच मायक्रॉन मागा. तुमच्या केसला शुद्ध सोनं लागेल १० × ०.०००५ × १९.३, म्हणजे ०.१ ग्रॅमच्याही आत. बिलात ‘सोनं १ ग्रॅम’ लागलं तर हा हिशोब दाखवा. मजुरी वेगळी, ती द्यावीच लागते.

माझं मत विचाराल तर आत्ता हात लावू नका. फक्त टोकं उघडी आहेत, खड्डे पडलेले नाहीत. रात्री काढल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा, लगाच्या मागची फट विसरू नका, घाम तिथेच साचतो. हिरवं दिसायला लागलं की मग बघू.

किल्लीकाका

अप्पांशी सहमत. जुन्या घड्याळाचा गिऱ्हाईक झिजलेला मूळ मुलामा चालवून घेतो, गोलसर झालेल्या कडांवरचं नवं सोनं नाही.

आणि यादीत ‘सोन्याचं घड्याळ, २३.२५ ग्रॅम’ खोडून ‘ओमेगा, चावीचं, चालू, केस पितळ, २० मायक्रॉन मुलामा, पाठ स्टील’ असं लिहा. रक्कम ग्रॅमवर नाही, घड्याळावर काढा. त्यासाठी पुन्हा झाकण उघडाल तेव्हा मशीनवरचा आठ आकडी क्रमांक आणि कॅलिबरचा (मशीनच्या प्रकाराचा) तीन आकडी क्रमांक यांचा फोटो घ्या, तबकडीचा जवळून एक घ्या, आणि इथे टाका. तबकडी पुन्हा रंगवलेली आहे का ते अक्षरांच्या कडांवरून सांगता येईल. किमतीत खरा फरक तिथे पडतो.

वाटणीकर

शनिवारी घड्याळजीकडे जातोय, फोटो टाकतो. सराफाला पाण्यातल्या वजनाचे आकडे पाठवलेत, तो म्हणतो उद्या त्याच्यासमोर एकदा करून दाखवा.