निर्बंधित देणग्यांचा हिशेब मुक्तस्रोत प्रणालीत ठेवता येईल का?

प्रश्न:
आमच्या छोट्या संस्थेचे सगळे हिशेब सध्या स्प्रेडशीटमध्ये आहेत. काही देणग्या ठरावीक कामासाठीच मिळतात आणि त्या त्याच कामावर खर्च झाल्याचे लेखापरीक्षकांना दाखवावे लागते. वर्षअखेरीस ही जुळवाजुळव करताना लेखापालांची फार ओढाताण होते. ईआरपीनेक्स्ट, ओडू कम्युनिटी (ओडूची मोफत आवृत्ती) आणि ग्नूकॅश या मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, हिशेब प्रणालींपैकी काय निवडावे?

उत्तर १:
आम्ही ईआरपीनेक्स्ट वापरतो. त्यात खर्चकेंद्र (खर्च कोणत्या विभागाचा) आणि प्रकल्प यांच्या जोडीला ‘लेखा परिमाण’, म्हणजे प्रत्येक नोंदीला लावायचा वर्गीकरणाचा रकाना, स्वतः तयार करता येते. आम्ही ‘निधी’ हे परिमाण तयार करून ते उत्पन्न-खर्चाच्या खात्यांसाठी अनिवार्य केले आहे, त्यामुळे पैसा कोणत्या निधीचा आहे हे लिहिल्याशिवाय पावती किंवा बिल दाखलच होत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची सोय हीच, कारण निधी नोंदीच्या वेळीच ठरला नाही, तर मार्चमध्ये किंवा डिसेंबरमध्ये तो आठवणीवर ठरवावा लागतो. शिवाय दाखल झालेल्या व्हाउचरची रक्कम गुपचूप बदलता येत नाही. ते रद्द करून सुधारित व्हाउचर करावे लागते, त्याच्या क्रमांकापुढे ‘-१’ लागते आणि मूळ व्हाउचरही दिसत राहते.

उत्तर २:
व्यवहार मोजके असतील आणि लेखापाल एकच असेल, तर ग्नूकॅशची दुहेरी नोंद पद्धत (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना नोंदवणे) भक्कम आहे. मात्र त्यात वापरकर्तानिहाय अधिकार नाहीत, म्हणून बिल नोंदवणारा आणि मंजूर करणारा वेगळा असल्याचा पुरावा कागदावर सह्या घेऊनच ठेवावा लागेल. ओडूमध्ये विश्लेषण खाती (मुख्य खात्यांशिवाय नोंदींचे वेगळे वर्गीकरण करणारी खाती) निधीसाठी वापरता येतात, पण लेखा विभागातील बऱ्याच सोयी सशुल्क आवृत्तीत आहेत, हे आधी तपासावे.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. एकच कर्मचारी दोन निधींचे काम करत असेल, तर पगार कसा विभागावा?

उत्तर १:
महिन्याच्या कामाच्या तासांच्या नोंदीवरून रोजकीर्दीत पगाराच्या दोन ओळी करा, प्रत्येकीला तिचा निधी लावा आणि सही केलेला तासांचा तक्ता त्याच व्हाउचरला जोडा. अंदाजपत्रकातील टक्केवारी जशीच्या तशी उतरवू नका. लेखापरीक्षक प्रत्यक्ष तासच विचारतात. आणखी एक विनंती अशी की, सर्व्हर तुमचाच असेल तर डेटाबेसमध्ये (सगळ्या नोंदी जिथे साठतात तिथे) थेट शिरण्याचा पासवर्ड लेखापालांकडे देऊ नका, कारण तिथून केलेल्या बदलाचा माग प्रणालीत राहत नाही.