लॅबमध्ये चोख, वॉर्डमध्ये मात्र तोंडाला कुलूप

वॉर्डवाली: नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची बॅच माझ्याकडे आहे. पुतळ्यावर कॅथेटरचा रिटर्न डेमो, म्हणजे मी दाखवलेलं स्वतः करून दाखवणं, मुली अगदी नीट देतात. तेच पेशंटच्या कॉटपाशी विचारलं की माना खाली. त्यात आता पाठनियोजन 'ब्रेन-बेस्ड' हवंय. प्रशिक्षणात सांगितलं, डाव्या मेंदूचे, उजव्या मेंदूचे, बघून शिकणारे, ऐकून शिकणारे असे गट पाडा. करू का?

निवृत्त_सिस्टर: गट पाडू नका हो. मानसशास्त्रज्ञ पाशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे सगळं संशोधन चाळलं. 'शैली'प्रमाणे शिकवल्याने जास्त येतं, याला पुरेसा आधार सापडला नाही. डाव्या-उजव्या मेंदूची माणसं ही तर निव्वळ दंतकथा.

मेंदूचं काही घ्यायचंच असेल तर एवढं घ्या: सांगण्याआधी आठवायला लावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. तुमच्या रिटर्न डेमोत हीच गोम आहे. डेमो पाहिल्या पाहिल्या दिला की येणारच! चार दिवसांनी, मध्ये दुसरं काही शिकवून झाल्यावर मागा.

मी वॉर्डच्या दाराबाहेर वही मिटवून विचारायचे: ५०० मिली सलाइन, ४ तासांत, सेट २० थेंबांचा (म्हणजे २० थेंबांचा एक मिली), मिनिटाला किती थेंब? ४२ येईपर्यंत आत जायचं नाही. दुसऱ्या दिवशी सेट १५ चा. मग पाठ केलेलं उत्तर चालत नाही, हिशोबच करावा लागतो.

इंटर्न_रात्रपाळी: मॅडम, पेशंटच्या नातेवाइकांसमोर विचारू नका, प्लीज. येत असलेलंही पळून जातं.

निवृत्त_सिस्टर: बरोबर बोललीस. ताण वाढला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि आठवणं अडतं. प्रश्न बाहेर, कॉटपाशी फक्त काम.

ओपीडी_ते_आयसीयू: वाचायला छान. पण एका इन्स्ट्रक्टरमागे एवढ्या मुली, वर ड्रेसिंगची घाई. दाराबाहेर उभं राहायला वेळ कुठाय?

वॉर्डवाली: हँडओव्हरनंतर दहा मिनिटं निघतील. तेव्हा औषधांची माहिती लिहिलेलं ड्रग कार्ड हातात न देता औषधं विचारते. गटांचा रकाना कोराच पाठवते, बघू काय म्हणतात.