मदत हवी आहे: स्कॅफॉइडच्या (मनगटातल्या एका छोट्या हाडाच्या) ऑपरेशनआधी सीटी पुरेल की एमआरआयही लागेल?

गोदाकाठ, नाशिक:
पेशंट २६ वर्षांचा, निफाडकडचा द्राक्षबागायतदार. उजव्या मनगटातलं स्कॅफॉइड मधोमध मोडून आठ महिने झाले, जुळलेलं नाही. आता बोन ग्राफ्ट (दुसरीकडचं हाड आणून बसवणं) आणि स्क्रू ठरतंय. एक्स-रेत रेडियसकडचा (म्हणजे कोपराच्या दिशेचा) तुकडा पांढराफटक दिसतो. तो मेलाय असं धरायचं का? आणि ऑक्टोबर छाटणीत कात्री धरता येईल का?

क्षकिरण:
नुसत्या पांढरेपणावर जाऊ नका. हात वापरात नसला की आजूबाजूची हाडं विरळ होतात, त्यांच्याशेजारी हा तुकडा जास्तच पांढरा दिसतो. शंका मात्र रास्त आहे: स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने शिरतं आणि उलटं रेडियसकडे जातं. मधे मोडलं की तो तुकडा उपाशी.

दोन्ही तपासण्या करा. जीव आहे का हे एमआरआयच्या टी-१ वर (ज्या चित्रांत चरबी उजळ दिसते) बघायचं. मज्जेतली चरबी उजळ दिसली तर चांगलं, अख्खा तुकडा काळा असेल तर धोका. फॉर्मवर ‘टी-१, फॅट-सॅटशिवाय’ असं ठळक लिहा. फॅट-सॅटने चरबीच दाबून टाकली तर बघणार काय? रिस्ट कॉइल (मनगटासाठीची सिग्नल पकडणारी कॉइल), स्लाइस २ मिमी किंवा कमी.

सीटी आकारासाठी. नुसतं ‘सीटी रिस्ट’ लिहिलं तर काप मनगटाच्या अक्षात पडतात आणि स्कॅफॉइडचं कुबड (मोडल्या जागी आलेला वाक) लपतं. पेशंट पालथा, हात डोक्यावर, स्लाइस अर्धा ते १ मिमी, सॅजिटल (बाजूने दिसणारे) काप स्कॅफॉइडच्या लांबीला धरून. स्कॅफॉइडचा आतला कोन (दोन टोकांमधला वाक) ३५ अंशांपर्यंत ठीक. ४५ च्या वर गेला तर तळहाताकडून हाडाची पाचर घालावी लागते, नाहीतर वाकडंच जुळतं.

गोदाकाठ:
एमआरआयला कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचं औषध) द्यायचा का? टी-१ वर अर्धाच तुकडा काळा निघाला तर?

ओटीवाला:
कॉन्ट्रास्टबद्दल एकमत नाही, हट्ट नको. दिलाच तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी). अर्ध्या काळ्याला साधा ग्राफ्ट बऱ्याचदा पुरतो. खरी परीक्षा टेबलावर: टुर्निके (रक्त थांबवणारा हातावरचा पट्टा) सोडल्यावर तुकड्यातून रक्ताचे बारीक ठिपके येतात का. तेही नाहीत आणि टी-१ पूर्ण काळा, तर रक्तवाहिनीसकट ग्राफ्टचा विचार होतो.

स्कॅनवर न दिसणारं एक विचाराच: तंबाखू. ‘बिडी नाही, मळून खातो’ म्हणाला तरी निकोटिन तेच.

छाटणीचं म्हणाल तर टाके सुकले म्हणजे हाड जुळलं असं नव्हे. १२ आठवड्यांनी पुन्हा सीटी, त्याच अक्षात. निम्म्याहून जास्त जागेवर हाडाचा पूल दिसला तरच कात्री हातात द्या. ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं तर यंदाची छाटणी मजुरांवरच सोपवायला सांगा.