इन्हेलर कुलपात नको
एका ताईंचं म्हणणं आहे की शाळेत दमा असलेल्या मुलाचा इन्हेलर (तोंडाने ओढायच्या औषधाचा पंप) ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात ठेवावा, कारण मुलं त्याच्याशी खेळतात. मला नाही पटत. आमच्याकडे तसाच होता. सहावीतल्या एकाला वर्ग झाडताना धाप लागली, आणि किल्लीवाले शिपाईकाका नेमके बँकेत! तेव्हापासून निळा (लगेच आराम देणारा) इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची नळी, जिच्यातून औषध ओढतात) त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो.

धाप लागल्यावर आडवं करू नका, ताठ बसवा. एका वेळी एकच पफ (औषधाचा फवारा), त्यावर स्पेसरमधून ४ श्वास. असे ४ पफ झाले की ४ मिनिटं थांबायचं. उतार नसेल तर पुन्हा ४. तरीही धाप तशीच, तर थेट १०८, आणि गाडी येईपर्यंत असेच दर ४ मिनिटांनी ४ पफ चालूच.

बाकी खडूच्या धुळीने धाप लागू नये म्हणून फळा आम्ही आता ओल्या फडक्यानेच पुसतो.